इकडं झुकवलं तं तिकडं पयते

"भाऊ, हा गोया उलटा पयते. इकडं झुकवलं तं तिकडं." गुरुजींनी काउंटरवर गेमबॉय ॲडव्हान्स एसपी ठेवला, हातात धरून खेळायचं घडीचं व्हिडिओ गेमचं मशीन. मागे त्यांचा भाचा उभा, उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरहून मामाकडे आलेला. दर्यापुरात माझ्याकडे दुरुस्तीला येतात ते मोबाइल, मिक्सर आणि फवारणी पंपाचे चार्जर. असलं मशीन वर्षातून एखादं. त्यात कॅसेट निघाली पारदर्शक गुलाबी रंगाची, 'कर्बी टिल्ट एन टंबल', मशीन झुकवून पडद्यावरचा गोळा घरंगळवायचा गेम. २००० साली जपानात आणि २००१ मध्ये अमेरिकेत आलेली. भाच्याच्या आत्येभावानं तिकडून आणून दिलेली.

या कॅसेटची गंमत अशी की हलण्याची जाणीव मशीनला नसते, कॅसेटला असते. ती मुळात गेमबॉय कलर या जुन्या मशीनसाठी केलेली. ते साधं मशीन, त्यात सेन्सर कुठला? म्हणून कॅसेटच्या बोर्डावरच ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीचा एडीएक्सएल २०२ जातीचा दोन अक्षांचा ॲक्सलरोमीटर बसवला आहे. मशीन झुकवलं की गुरुत्वाकर्षणाचा किती हिस्सा कुठल्या अक्षावर पडला ते तो मोजतो आणि त्यावरून पडद्यावरचा गोळा घरंगळतो. हिसका देऊन उचललं की गोळा उडी मारतो.

तक्रारी दोन होत्या. कधीकधी गेम सुरूच होत नाही, आणि झाला तर गोळा उलटा जातो. पहिलीचं उत्तर कॅसेटच्या तोंडावरच दिसलं. संपर्काच्या ३२ पट्ट्यांवर पांढुरकी खपली, दोन-तीन ठिकाणी हिरवट कड. "ओल्या फडक्यानं पुसली का?" पोरगा मामाकडे बघायला लागला. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. इथल्या बोअरच्या पाण्यानं बादलीला थर बसतो, तो पट्टीवर बसणार नाही तर कुठे जाईल! फुंकर मारणंही तसंच, तोंडातला ओलावा पट्टीवर जातो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावायचं आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेनं ओढायचं, आडवं नाही. काडी काळी झाली की नवी घ्यायची. मला सात लागल्या. पॉलिश पेपर कधीच नाही. पट्टीवरचा सोन्याचा मुलामा पातळ असतो, तो गेला की खालचं तांबं महिन्याभरात हिरवं पडतं.

पाच मिनिटं वाळू दिली आणि लावली. लगेच सुरू. उजवीकडे झुकवलं, गोळा डावीकडे. माझ्याकडे झुकवलं, गोळा वर पळाला. एक बाजू नाही, दोन्ही बाजू उलट्या.

पोरानं गेममध्ये मध्य पुन्हा ठरवून पाहिला होता. त्यानं काही होत नाही, कारण मध्य ठरवणं म्हणजे फक्त शून्य कुठं ते सांगणं. दिशा तीच राहते. मग वाटलं, कोणीतरी चिप काढून उलटी बसवली असेल. कॅसेटच्या स्क्रूला गेमबिट नावाचा ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो, साध्या स्क्रूड्रायव्हरला दाद देत नाही. बिट नसेल तर बॉलपेनची नळी लायटरवर मऊ करून स्क्रूवर दाबून धरायची. ठसा उठतो, थंड झाली की एक-दोनदा तरी फिरवता येतं. मी तेच केलं. भिंगाखाली बोर्ड पाहिला तर सगळे सोल्डरचे टाके कारखान्याचे, सोल्डर करताना लावतात त्या फ्लक्सचा डाग नाही, चिपला कोणी हात लावलेला नाही. बॅटरीही नाही, कारण या कॅसेटमध्ये सेव्ह छोट्या ईईप्रॉमवर होतो, वीज गेली तरी लक्षात ठेवणाऱ्या चिपवर. जुन्या कॅसेटचा नेहमीचा आजार, बॅटरी मेली आणि सेव्ह गेला, तो इथे नाहीच.

उघडा बोर्ड तसाच लावून पाहायला गेलो तर एसपी चालू होईना. त्यातही एक खोच आहे. ॲडव्हान्स आणि एसपीच्या खाचेत छोटा स्विच असतो. जुन्या गेमबॉय कॅसेटचं कवच तो दाबतं, तेव्हा मशीन जुन्या पद्धतीनं, ५ व्होल्टवर चालतं. ॲडव्हान्सच्या स्वतःच्या कॅसेटला तिथे खाच असते, स्विच मोकळा राहतो, ३.३ व्होल्ट मिळतात. कवच काढलं की स्विच मोकळाच, मशीनला ती ॲडव्हान्सची कॅसेट वाटते. आगपेटीच्या काडीनं स्विच दाबून धरला तेव्हा चालली. गोळा उलटाच.

मला सगळ्यात जास्त फसवलं ते पोराच्या दुसऱ्या कॅसेटनं. 'वॉरिओवेअर ट्विस्टेड', तीही हलवून खेळायची, आणि ती याच एसपीवर अगदी सरळ चालत होती. म्हणजे मशीन ठीक. कर्बीचा बोर्डही ठीक. मग चूक कुठं?

एसपी घडी करून टेबलावर ठेवला आणि कॅसेट बाहेर ओढली, तेव्हा हात थांबला. मी ती माझ्याकडे ओढत होतो. गेमबॉय कलरला आणि पहिल्या ॲडव्हान्सला कॅसेट वरून लागते, पट्ट्या खाली. एसपीला तीच कॅसेट खालच्या कडेतून लागते, पट्ट्या बिजागरीकडे, आणि जुनी कॅसेट लांब असल्यामुळे बोटभर बाहेर लोंबते. लेबल दोन्हीत मागच्याच बाजूला. म्हणजे कॅसेट जागच्या जागी १८० अंश फिरलेली. तिचं उजवं ते मशीनचं डावं, तिचं वर ते मशीनचं खाली. सेन्सर बरोबर तेच सांगत होता, फक्त डोक्यावर उभा राहून.

ट्विस्टेड का चालते तेही त्यातच आलं. तिच्यात ॲक्सलरोमीटर नाही, पिझो जायरो आहे. तो झुकणं मोजत नाही, फिरण्याचा वेग मोजतो, आणि तोही पडद्यातून आरपार जाणाऱ्या एकाच अक्षाभोवती, गाडीच्या स्टिअरिंगसारखा. कॅसेट १८० अंश फिरवली तरी तो अक्ष जिथल्या तिथे. घड्याळाचं तोंड तुमच्याकडेच ठेवून ते भिंतीवर उलटं टांगा, काटे त्याच दिशेनं फिरतील. तो गेम सुरू होताना आणि मधल्या छोट्या खेळांच्या दरम्यान शून्य नव्यानं धरतो, म्हणून चालू करताना हात स्थिर ठेवायचा एवढंच पथ्य.

खात्री करायला दुसरं मशीन हवं होतं. मागे अकोल्याहून आणलेल्या भंगाराच्या लॉटमध्ये पहिला ॲडव्हान्स होता, काचेला तडा गेलेला. दोन पेन्सिल सेल टाकले, कर्बी लावली. गोळा उजवीकडे म्हटलं तर उजवीकडे. पोरगं काउंटरवर चढायचंच बाकी होतं.

दुपारी दोनला ते परत आलं. "काका, आता डावीकडं ओढते." सकाळी मध्य ठरवला तो दुकानात, कुलरसमोर, साधारण २८ अंश सेल्सिअसला. पोरगं खेळत बसलं बाहेर टिनाच्या शेडखाली, ४४ अंशांत. या सेन्सरचं शून्य तापमानानं सरकतं, तापमानाच्या दर अंशाला साधारण २ मिली-जी. जी म्हणजे पृथ्वीचं पूर्ण गुरुत्वाकर्षण, मिली-जी त्याचा हजारावा भाग. १६ अंशांचे ३२ मिली-जी झाले, म्हणजे मशीन पावणेदोन अंशांच्या वर झुकल्यासारखं. गेमला पूर्ण एक जी-साठी मोजमापाची साधारण ११२ घरं मिळतात, झुकण्याच्या एका अंशाला जेमतेम दोन. त्यात साडेतीन घरं आपोआप सरकली तर गोळा ओढणारच. सावलीत दहा मिनिटं ठेवून, हातात खेळताना धरतो तसंच धरून मध्य पुन्हा ठरवला, सरळ झाला. टेबलावर ठेवून ठरवू नये. माझं टेबलच वाकडं आहे. आणि एसटीत खेळण्याच्या भानगडीत पडू नये. गाडीचा हिसका आणि हाताचं झुकवणं यांतला फरक या सेन्सरला कळत नाही. अकोट रस्त्यावर तर गोळा प्रत्येक खड्ड्याला उडी मारेल.

गुरुजींचा प्रश्न रास्त होता : एसपीतच सरळ करता येणार नाही का? पट्ट्यांच्या ३२ तारांचं एक्स्टेंशन करून कॅसेट बाहेर उलटी टांगता येईल. त्याला मेलेल्या गेमबॉयची खाच, मेलेल्या कॅसेटचा बोर्ड कापून केलेलं तोंड आणि बोटभर लांबीच्या तारा लागतील. तारा लांबल्या की चित्र फाटतं, आणि स्विच वेगळा दाबून ठेवावा लागतो तो लागतोच. खेळताना हे सगळं हलणार. मी नको म्हणालो. ॲडव्हान्सनंतरचं मशीन, डीएस, घेतला तर? डीएसमध्ये जुन्या गेमबॉयच्या कॅसेट चालतच नाहीत. २००८ च्या 'टोनी हॉक्स मोशन'बरोबर सेन्सरची वेगळी डबी यायची, ती डीएसच्या ॲडव्हान्सवाल्या खाचेत बसायची. पुढच्या डीएसआयला ती खाचच काढून टाकली, डबी बिनकामाची झाली.

"मंग तडकलेलाच द्या," गुरुजी म्हणाले. काच बदलून दिली, सफाईचे पन्नास वेगळे लावले नाहीत. एसपी ट्विस्टेडसाठी, ॲडव्हान्स कर्बीसाठी. पोराला एवढंच सांगितलं, की चार्जेबल सेल टाकलेस तर लाइट लवकर लाल होईल, घाबरू नको, १.२ व्होल्टचे असतात ते. पण लाल झाल्यावर गेम अर्ध्यात ठेवून जेवायला जाऊ नको.