बिल्ड होतं, पण स्क्रीन उघडताच अ‍ॅप बंद पडतं: आउटलेट जोडण्याचा माझा अनुभव

आयफोनची अ‍ॅप्स बनवायच्या एक्सकोडमध्ये स्टोरीबोर्डवरचं (स्क्रीनच्या आराखड्यावरचं) लेबल व्ह्यू कंट्रोलरला, म्हणजे त्या स्क्रीनच्या कोडच्या क्लासला, जोडणं दहा सेकंदांचं काम आहे. कंट्रोल की दाबून लेबलपासून कोडपर्यंत रेघ ओढायची आणि नाव द्यायचं. या जोडणीलाच आउटलेट म्हणतात. बटणाची अ‍ॅक्शन, म्हणजे ते दाबल्यावर चालणारी मेथड, तशीच जोडायची. माझा जीव खाल्ला तो नंतरच्या नावबदलाने.

आउटलेटचं 'लेबल1' हे नाव मी कोडमध्ये हाताने 'प्राइसलेबल' केलं. बिल्ड विनातक्रार झालं. स्क्रीन उघडताच क्रॅश, आणि कन्सोलमध्ये 'धिस क्लास इज नॉट की व्हॅल्यू कोडिंग-कम्प्लायंट फॉर द की लेबल1'. हे वाचून माणूस स्विफ्टच्या, म्हणजे कोडच्या, फाइली उपसत बसतो. पण दोष तिथे नसतोच! स्टोरीबोर्ड ही मुळात एक्सएमएल फाइल. जोडणी तिच्यात नुसतं नाव म्हणून लिहिलेली असते आणि कंपायलर ते नाव कोडशी ताडून पाहत नाही. स्क्रीन लोड होताना त्या नावाची प्रॉपर्टी शोधली जाते. ती सापडली नाही की खेळ खलास.

म्हणून संदेशाची दोन्ही टोकं वाचा. शेवटी हरवलेलं नाव असतं, सुरुवातीला क्लास. तिथे तुमच्या क्लासऐवजी नुसतं 'यूआयव्ह्यूकंट्रोलर' दिसलं, तर नाव बरोबर आहे. आयडेंटिटी इन्स्पेक्टरमधला कस्टम क्लास भरायचा राहिलाय. माझ्यासारखं नाव बदललं असेल, तर स्टोरीबोर्डमध्ये सीनवरच्या (त्या स्क्रीनच्या चौकटीवरच्या) पिवळ्या गोल आयकॉनवर राइट-क्लिक करा. यादीत मेलेल्या जोडणीपुढे पिवळा त्रिकोण दिसतो. तिची फुली दाबा आणि रेघ पुन्हा ओढा. कोडच्या डाव्या कडेचं वर्तुळ भरीव झालं की जोडणी लागली. पोकळ असेल तर नाही.

खरं तर नाव बदलायचंच असेल, तर एक्सकोडच्या रिफॅक्टर मेनूतलं रीनेम वापरा. ते स्टोरीबोर्डमधलं नावही बदलतं. हे आधी केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

बटण कॉपी-पेस्ट केलंत तर जुनी अ‍ॅक्शनही सोबत येते. नवी जोडली की एका टॅपला दोन्ही चालतात, तेव्हा जुनी आधी तोडा. अ‍ॅक्शनची मेथडच कोडमधून काढून टाकली असेल, तर क्रॅश बटण दाबल्यावरच होतो, त्यामुळे टेस्टिंगमध्ये तो सहज निसटतो.

आणि पुढची स्क्रीन उघडण्याआधी चालणाऱ्या 'प्रिपेअर' मेथडमध्ये तिच्या लेबलला थेट मजकूर देऊ नका. तिचा व्ह्यू तेव्हा लोड झालेला नसतो, आउटलेट निल (रिकामं) असतं. मजकूर साध्या स्ट्रिंग प्रॉपर्टीत द्या आणि व्ह्यू लोड झाल्यावर चालणाऱ्या 'व्ह्यूडिडलोड'मध्ये तो लेबलमध्ये भरा.