पराटीची पानं भेंडीसारखी

शेतकरी सल्ल्याच्या आमच्या टेबलावर प्रत्येक फोनची नोंद ठेवतात. नाव, गाव, तालुका, पीक, पेरणीची तारीख. पहिले दोन रकाने कोरे असतील तर पुढचं बोलायचं की नाही, यावर आमच्यात कधीच एकमत झालं नाही. जुलैच्या शेवटी आलेल्या एका फोनने हा वाद पुन्हा उकरून काढला.

"साहेब, पराटीची पानं भेंडीसारखी झाली. वायरस हाये म्हणते दुकानदार. पंपाले काय टाकू?"

पराटी म्हणजे कपाशी. गाव विचारलं. "गाव कायले पायजे?" आणि फोन बंद. दहा मिनिटांनी पुन्हा तोच आवाज.

या वेळी गाव विचारलंच नाही, शेत विचारलं. बिघाड नव्या पानांत की जुन्या? नव्या. पान अरुंद, बोटांसारखं लांब, शिरा जवळजवळ समांतर आणि उठावदार? हो. खालची पानं धड आहेत? आहेत. म्हणजे तुडतुडे, ती रस शोषणारी कीड, नाहीत. त्यात पानाच्या कडा पिवळ्या होऊन खाली वळतात, मग लाल पडतात. कपाशीचा पानं गुंडाळणारा विषाणू मुख्यतः पंजाब, हरियाणा, राजस्थानात. विदर्भात हे चित्र दिसलं की आधी पंप आठवावा. टू-फोर-डी या तणनाशकाला कपाशी इतकी नाजूक आहे की टाकीत राहिलेला अंशही पुरतो.

"हाच पंप धुऱ्यावर, बांधाच्या तणावर, मारला होता का?"

बराच वेळ शांतता. मग हळूच, "पेरणी चोरबीटीची हाये."

नाव लपवण्याचं कारण हे. तणनाशक सहन करणाऱ्या या बियाण्याला मंजुरी नाही. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून आंदोलनही केलं होतं. पण ते वाण ग्लायफोसेट सोसतं, टू-फोर-डी नाही. एक तणनाशक चाललं म्हणून दुसरंही चालेल, ही समजूत नडते.

उपाय सांगितला. वाकडे शेंडे खुडा. 2 टक्के युरिया फवारा, म्हणजे 10 लिटरला 200 ग्रॅम. तुमचा पंप 15 लिटरचा असेल तर 300. इथेच बरेच जण फसतात. आपण 10 लिटरचं प्रमाण सांगतो, समोरचा "पंपाला" ऐकतो. किडीचं औषध यात मारू नका, ते पैसे वाया. बाधा हलकी असेल तर नवी फूट सरळ येते, दोनतीन आठवडे थांबावं लागतं. फवारणी त्या पंपाने नकोच. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. जमत नसेल तर सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवा, नळी-नोझलमधूनही ते काढा, मग तीनदा साध्या पाण्याने धुवा.

पुढचा प्रश्न आलाच, "ग्लायफोसेट किती टाकू?" तो आकडा दिला नाही. कपाशीच्या उभ्या पिकात मारायची शिफारस लेबलवर नाही, आणि त्याने नाव सांगितलं असतं तरी माझं उत्तर हेच होतं.

शेजारच्या टेबलाने विचारलं, नोंद कशी करणार? पहिले दोन रकाने कोरे ठेवले. पिकापुढे लिहिलं: कपाशी, टू-फोर-डीची बाधा, पंप.

संध्याकाळी दुसऱ्याच नंबरवरून फोन. आवाज ओळखीचा.

"सोडा कोनता, खायाचा का धुयाचा?"

"धुण्याचा, भाऊ."