काकांचं विंडोज ७ आणि बीटा बिलिंग

आजचा दिवस बेळगावात रविवार पेठेत, काकांच्या होलसेल किराणा दुकानात गेला. बिलिंगचं एक बीटा, म्हणजे अजून चाचणीतलं, सॉफ्टवेअर तपासायला हातात आलंय. किमान विंडोज १० लागेल असं कंपनीवाल्यांनी स्वच्छ लिहिलंय. दुकानात आहे विंडोज ७. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, पण काकांचं आपलं एकच, "चालायलंय नव्हं, मग कशाला बदलायचं?" पेठेत असे काका पैशाला पासरी, म्हणून म्हटलं बघू तरी.

इन्स्टॉल करताना डीएलएल फाईल (प्रोग्रामला चालायला लागणारी जोडफाईल) नाही म्हणून बोंब. मायक्रोसॉफ्टचं रनटाइमचं जुनं अपडेट टाकल्यावर ते मिटलं. मग लॉगिन होईना. विंडोज ७ मध्ये टीएलएस १.२ (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करायची पद्धत) आहे, पण बऱ्याच ठिकाणी ते आपणहून चालू नसतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांत) जाऊन चालू केलं, तेव्हा कुठं आत घेतलं.

खरी गंमत बिलात. (डमी बिलं हं, काकांच्या खऱ्या खात्याला हात लावलेला नाही.) खानापूर आपल्याच कर्नाटकातलं, तिथल्या गिऱ्हाईकाला सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विकल्यावरचे दोन कर) बरोबर लागले. चंदगड महाराष्ट्रात, तिकडं पाठवायच्या मालाला आयजीएसटी (दुसऱ्या राज्यात विकल्यावरचा कर) हवा, तर तिथंही तेच दोन! तिथल्या गिऱ्हाईकाचा जीएसटी नंबर महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होतो, आपला कर्नाटकाच्या २९ ने. एवढं बघायला काय जातंय? आणि हे विंडोज ७ चं दुखणं नव्हेच, घरी विंडोज ११ वर पण तस्संच.

दोन्ही रिपोर्ट कंपनीवाल्यांना वेगवेगळे पाठवलेत. विंडोज ७ चा ते बाजूला टाकतील, टाकू देत. आयजीएसटीचा मात्र सोडणार नाही.