रोटरीतर्फे इंग्लंडची हॉस्पिसं पाहून आल्यावर

आम्ही सगळे पॅलिएटिव्ह केअरमधलेच, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या कामातले: डॉक्टर, नर्स, एक समाजसेविका. हॉस्पिस म्हणजे अशा, आयुष्याच्या शेवटाकडे आलेल्या पेशंटची काळजी घेणारी संस्था. रोटरीच्या व्होकेशनल ट्रेनिंग टीममधून, म्हणजे आपल्या व्यवसायातलं शिकायला परदेशी जाणाऱ्या गटातून, इंग्लंडला जाऊन आलो. पुढच्या टीमचे फोन सुरू झालेत, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी पैशाचं. रोटरीचा ग्रुप स्टडी एक्स्चेंज हा जुना अभ्यासदौऱ्यांचा कार्यक्रम १९६५ साली सुरू झाला होता, तो २०१३ मध्ये बंद झाला. आता ग्लोबल ग्रँट या रोटरीच्या अनुदानातून जायचं. त्यासाठी दोन देशांतले क्लब लागतात आणि बजेट किमान ३०,००० डॉलरचं. 'बघून येतो' एवढ्यावर भागत नाही; काय शिकणार आणि परतल्यावर कुणाला शिकवणार, ते अर्जातच मांडावं लागतं.

व्हिसा स्टँडर्ड व्हिजिटर, म्हणजे साधा पाहुण्यांचा. निमंत्रणपत्रात तुम्ही फक्त निरीक्षक आहात, उपचार करणार नाही, हे स्वच्छ लिहून घ्या. तिथली नोंदणी नसलेल्या डॉक्टरने पेशंटला स्टेथोस्कोपही लावायचा नाही. हात शिवशिवतात, पण खिशातच ठेवायचे. हिपॅटायटिस बीच्या लसीची नोंद सोबत असू द्या. प्रवास विमा काढाच. तिथे दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर व्हिजिटरला बिल भरावं लागतं.

लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स या हॉस्पिसला जाणं ओघानं आलंच. लंडन ब्रिजहून सिडनमला लोकल मिळते. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेल्या सिसिली सॉंडर्स यांनी ते १९६७ मध्ये सुरू केलं. १९४८ साली वारलेल्या डेव्हिड तस्मा नावाच्या पोलिश ज्यू निर्वासिताने त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले होते, तुमच्या वास्तूतली एक खिडकी माझी असू दे म्हणून. खिडकी बघा, पण सगळा दिवस इमारत बघण्यात घालवू नका. शिकण्यासारखं खरं काम पेशंटच्या घरी चालतं.

यजमानांकडे होम व्हिजिट मागून घ्या, आग्रहाने. आम्ही गेलो त्या घरातल्या आजोबांच्या कपाटात एक प्लास्टिकचा सीलबंद डबा होता. दुखण्यासाठी मॉर्फिन, बेचैनीसाठी मिडाझोलाम, उलटीसाठी एक, घशातली घरघर कमी करायला एक, अशी इंजेक्शनं, आणि सोबत डॉक्टरांच्या सहीचा कागद: कुठलं लक्षण दिसलं की कुठलं औषध, किती. आजोबा त्या दिवशी चहा पीत बसले होते. डबा अजून उघडलाही नव्हता. रात्री दोन वाजता त्रास वाढला तर येणारी नर्स त्यातलंच औषध देते, अॅम्ब्युलन्स बोलवावी लागत नाही. आमच्यातली नर्स कागदावरचे डोस उतरवून घेत होती, मी मात्र मनात आपल्याकडचा हिशोब मांडत होते. अंमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या आपल्या एनडीपीएस कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, मान्यताप्राप्त संस्थेला मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी जिल्ह्याच्या ठिकाणीही ते सहज मिळेल याची खात्री नाही. तिथे औषध गरज पडण्याआधीच घरी पोचलेलं असतं. जाताना तुमच्या जिल्ह्यात मॉर्फिन कुठे मिळतं याची यादी करून घेऊन जा. तिथले लोक हे विचारतातच आणि मोघम उत्तराने आपलीच पंचाईत होते.

साप्ताहिक टीम मीटिंगलाही बसा. चॅप्लिनचं, म्हणजे हॉस्पिसमधल्या धर्मगुरूचं, म्हणणं डॉक्टरच्या म्हणण्याइतकंच लक्ष देऊन ऐकलं जातं. मृत्यूनंतर घरच्यांना फोन कोण करणार, हेही तिथेच ठरतं.

आता नाजूक विषय. क्लबचं आदरातिथ्य जबरदस्त असतं आणि तेच वेळ खातं. राहायला रोटेरियनचं घर, संध्याकाळी क्लबची सभा, बॅनरची देवाणघेवाण, रविवारी किल्ला. आमचे कामाचे दिवस असेच मधून मधून कुरतडले गेले. निघण्याआधीच कार्यक्रम लेखी मागवा आणि सकाळ ते दुपार फक्त हॉस्पिस असं ठरवून घ्या. कुणी वाईट वाटून घेत नाही. सभेत बोलायचं असेल तर छोटंसं भाषण तयार ठेवा, पण पेशंटचे फोटो दाखवू नका, आपल्याकडचेही नाहीत.

तिकडची माणसं आपल्याकडे येणार असतील तर पावसाळा टाळा. होम व्हिजिटच्या वाड्यांवर गाडी पोचत नाही. त्यांना केरळमधल्या पॅलिएटिव्ह केअरबद्दल ऐकून माहीत असतं, कोझिकोडचं १९९३ पासूनचं काम विशेषतः, म्हणून तुलना होणार हे धरूनच चाला. दुभाषा पेशंटचा नातेवाईक नसावा. सून सासूचं दुखणं सांगताना निम्मं स्वतःच गाळते.