तुम्ही विचारलेत म्हणून : नेगोटिनच का?

बाल्कन प्रदेशाच्या इतिहासाविषयी बोलताना मी बेलग्रेड सोडून सारखा नेगोटिनकडे का वळतो, त्या एवढ्याशा गावात असे आहे तरी काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो.

नेगोटिन हे सर्बियाच्या पूर्व टोकाचे, पंधरा हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. जवळच डॅन्यूबच्या पैलतीरी रोमानिया आणि टिमोक नदीपलीकडे बल्गेरिया. तुर्की सत्तेविरुद्ध 1804 मध्ये सुरू झालेल्या सर्बियन उठावात या भागाची, म्हणजे क्रायनाची, जबाबदारी हायदुक वेल्को पेट्रोविचकडे होती. हायदुक म्हणजे रानावनात राहून तुर्कांना लुटणारा बंडखोर. 1813 च्या उन्हाळ्यात तुर्की सैन्याने नेगोटिनला वेढा घातला, तेव्हा ‘डोके देईन, क्रायना देणार नाही’ असे तो म्हणाला, असे सांगतात. डोके त्याने खरोखरच दिले, कारण तोफेचा गोळा लागून तो तिथेच ठार झाला. त्याच वर्षी उठाव मोडला आणि क्रायना पुन्हा सर्बियाच्या हाती यायला 1833 साल उजाडावे लागले. गावात त्याचे स्मारक आहे आणि ते योग्यच आहे. पण माझे कुतूहल नंतरच्या पिढीभोवती अधिक घोटाळते.

1856 मध्ये इथे स्टेव्हान स्टोयानोविच मोक्रान्याट्स जन्मला. म्युनिक, रोम आणि लाइपझिग येथे संगीत शिकून तो बेलग्रेडच्या गायकवृंदाचा संचालक झाला आणि 1899 मध्ये त्याने तिथल्या संगीतशाळेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्याची खरी कमाई म्हणजे ‘रुकोवेती’, लोकगीते गुंफून रचलेल्या पंधरा समूहगानरचना. त्यासाठी त्याने आपल्या राज्यापुरते पाहिले नाही. कोसोव्हो, बोस्निया, मॅसेडोनिया अशा, त्या काळी सर्बियाच्या हद्दीबाहेर असलेल्या मुलखांतली गाणीही त्याने घेतली, आणि दहावी रचना तर सबंध मॅसेडोनियातल्या ओह्रिड गावच्या गाण्यांची आहे. सीमेवर वाढलेल्या माणसाला हद्दीपलीकडचे सूर परके वाटले नसावेत, असा माझा तर्क आहे. पुरावा म्हणून तो मांडत नाही. सर्बियाच्या 50 दिनारांच्या नोटेवर आज त्याचेच चित्र आहे आणि 1966 पासून नेगोटिनमध्ये त्याच्या नावाने संगीतमहोत्सव भरतो.

त्याच्यानंतर दोनच वर्षांनी, 1858 मध्ये, याच गावात भौतिकशास्त्रज्ञ जॉर्जे स्टानोयेविच जन्मला, ज्याच्याविषयी आपल्याकडे जवळजवळ कोणीच बोलत नाही. रस्त्यांवर गॅसचे दिवे लावावेत की विजेचे, या वादात त्याने विजेची बाजू लावून धरली आणि 1893 मध्ये बेलग्रेडमध्ये विजेचे दिवे लागले. 1900 मध्ये उझित्से येथे जेटिन्या नदीवर, निकोला टेस्लाच्या बहुकलीय प्रत्यावर्ती प्रवाहाच्या, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेच्या (पॉलिफेज एसी), पद्धतीने चालणारे जलविद्युत केंद्र सुरू झाले, त्यामागेही तोच होता. टेस्लाच्याच पद्धतीचे नायगारा धबधब्यावरचे केंद्र तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते.

गावाचे जे होते ते गावात राहिले नाहीत, आणि जो गावासाठी मेला तो मूळचा गावचा नव्हता. वेल्को झायेचारजवळच्या लेनोवाट्सचा. आजही या भागातली कित्येक कुटुंबे ऑस्ट्रिया-जर्मनीत कामाला असतात. मागे उरली आहेत ती रायाट्स आणि रोग्ल्येव्हो या गावांबाहेरची दगडी मद्यघरे, ज्यांचा खालचा भाग थंडाव्यासाठी जमिनीत खणलेला असतो. फिलोक्सेरा किडीने फ्रान्समधले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले तेव्हा इथल्या वाइनला फ्रेंच गिऱ्हाईक मिळाले, आणि या वस्त्यांना खरी भरभराट त्या काळात लाभली.