थ्रिफ्ट स्टोअरमधून गोधडीचं कापड: माझा अनुभव

गोधडी शिवायची तर जुन्या सुती साड्या हव्यात, आणि इथे न्यू जर्सीत माझ्याकडे आहेत त्या सिल्कच्या नाहीतर जॉर्जेटच्या. क्विल्टिंगचं कॉटन यार्डाला बारा-चौदा डॉलर, त्यात जोॲन या कापड-शिवणकामाच्या साखळीची दुकानं 2025 मध्ये बंद पडली, म्हणजे हात लावून कापड बघायची सोयही गेली. मग निघाले थ्रिफ्ट स्टोअरला, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात. आयुष्यभर बोहारणीला कपडे देऊन पातेली घेणाऱ्या आमच्या आईला मी लोकांचे जुने शर्ट पैसे देऊन आणते हे काही पचेना.

तिथे पिशवीत भरलेले कापडाचे तुकडे असतात ना, त्यांच्या फार मागे लागू नका, बरंचसं पडद्याचं नाहीतर पॉलिस्टर निघतं. खरा माल पुरुषांच्या शर्टांच्या रॅकवर! एक्सेल, डबल एक्सेलच बघायचे, पाठीचा अख्खा सलग तुकडा मिळतो, शिवाय बाह्या. लेबलवर 100% कॉटन हवं, पण "रिंकल फ्री" असेल तर मी ठेवून देते कारण ते कापड कडक असतं, सुई नीट चालत नाही आणि घडीही बसत नाही. पाठ उजेडासमोर धरायची, विरलेलं लगेच दिसतं. लेबल कापलेलं असलं तर मुठीत घट्ट धरून सोडायचं, सुती चुरगळलेलंच राहतं. तरी शंका असेल तर घरी येऊन सिंकमध्ये एक दोरा जाळून बघते, सुती कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून टणक गोळी होते.

गुडविल ही थ्रिफ्ट स्टोअरची साखळी, तिच्या बऱ्याच दुकानांत ठरावीक रंगाच्या टॅगवर अर्धी किंमत असते, आधी तो रंग विचारून घ्यायचा.

अस्तराला क्वीन साइझची चादर बेस्ट, साधारण 90 बाय 102 इंच, जोड द्यायलाच नको. फक्त खूप दाट विणीची नको, हाताने धावदोरा घालताना बोटं दुखतात. धुवून धुवून मऊ पडलेलीच घ्यायची.

घरी आणलं की पिशवी थेट मशीनपाशी, ढेकणांची भीती असते ना, गरम पाण्यात धुवायचं आणि ड्रायर हाय हीटवर. लाल आणि गडद निळे वेगळे! मग कॉलर, कफ, शिवणी कापून टाकते, बटणं डब्यात.

आता आत घालायला एखादी जुनी फ्लॅनेलची चादर शोधतेय, मिळाली तर बॅटिंगचे, म्हणजे मधल्या भरावाच्या थराचे पैसे वाचतील.