टर्कीची शेपटी खराब होते ती चरबीमुळे

शिकार केलेल्या रानटर्कीच्या शेपटीचा पंखा भिंतीवर काही महिने छान दिसतो. मग मुळाशी पिवळट तेलकट डाग उमटतो, खवट वास येतो आणि मागोमाग कसर लागते. नीट वाळला नसेल, असं आपण म्हणतो. पण बहुतेक वेळा पिसांच्या मुळाची चरबी तशीच राहिलेली असते, आणि चरबी कितीही दिवस ठेवली तरी वाळत नाही.

सुरी हातात घेण्याआधी मापं घ्या. नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन या अमेरिकेतल्या संस्थेच्या गुणांकनात पक्ष्याचं पौंडातलं वजन, दाढीच्या, म्हणजे छातीवर लोंबणाऱ्या केसांसारख्या झुपक्याच्या, लांबीची दुप्पट आणि दोन्ही पायांच्या स्परची मिळून जी लांबी होईल तिची दहापट, अशी बेरीज धरतात, लांबी इंचात. स्पर म्हणजे पायामागचा काटा. तो खवल्यांच्या कातडीतून जिथे बाहेर पडतो तिथपासून टोकापर्यंत मोजतात, म्हणून कातडी सोलण्याआधीच मोजायचा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शिकारीची नोंद होईपर्यंत काही अवयव कापता येत नाहीत. काही ठिकाणी नर असल्याची खूण म्हणून दाढी अंगावरच ठेवावी लागते. आपल्या राज्याचा नियम आधी वाचा. पक्षी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. ऊब आणि ओल मिळाली की कातडी कुजते आणि पिसं मुळातून सुटतात. रक्त लागलं असेल तर गार पाण्याने लगेच पुसा. गरम पाण्याने डाग बसतो.

शेपटी मुळाशी, मांसल गड्ड्यासकट कापा. वरच्या बाजूची छोटी चमकदार पिसंही सोबत येऊ द्या, त्यांच्याशिवाय पंखा बोडका दिसतो. आता खरं काम. गड्डा पालथा धरून मांस आणि हाड काढत गेलं की मोठ्या पिसांच्या नळ्या दातांसारख्या ओळीने उघड्या पडतात. मोठी पिसं साधारण अठरा असतात. दर दोन नळ्यांच्या फटीत पिवळी चरबी दडलेली असते. ती बोथट सुरीने खरवडून काढायची. वरच्या अंगाला तेलाची ग्रंथी असते, तीही पूर्ण काढा. नळ्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा मात्र कापू नका, नाहीतर पिसं एकेक होऊन हातात येतात. घाई करायचीच असेल तर दुसरीकडे करा, इथे नको. शेवटी भांडी घासायच्या द्रव साबणाने मुळं धुवा, टिपून कोरडी करा आणि फटीफटीत बोरॅक्स, म्हणजे टाकणखाराची पांढरी पूड, दाबून भरा. मीठ वापरू नका, ते दमट हवेत पाणी ओढून घेतं. बोरॅक्स मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागू देऊ नका. खायच्या मांसाजवळही नको.

मग जाड फोमच्या फळीवर वरची बाजू वर करून पंखा उलगडा. मधली जोडी सगळ्यात वर, सरळ उभी. तिथून दोन्हीकडे सारख्या अंतराने एकेक पीस सरकवा आणि शेजारी टाचण्या टोचा. पिसातून टाचणी घालू नका. याच वेळी वाकडं बसलेलं पीस वाळल्यावर सरळ करता येत नाही. दोन ते चार आठवडे कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. मुळाशी बोट दाबल्यावर लाकडासारखं कडक लागलं तरच टाचण्या काढा.

दाढी सोपी आहे. छातीजवळ कातडीचा लहानसा तुकडा ठेवून कापा, त्यामागचं मांस आणि चरबी खरवडा, बोरॅक्स लावून आठवडा-दोन आठवडे टांगा. ओढून उपटली तर केस विस्कळीत होऊन गळतात.

स्परसाठी पायाचं हाड काट्याच्या वर आणि खाली अर्धा-अर्धा इंच सोडून बारीक दातांच्या करवतीने कापा. खवले सोला, तारेने आतली मज्जा ढकलून काढा, कोरडं झाल्यावर पारदर्शक वॉर्निशचा हात द्या. फार वेळ उकळलं तर काट्याचं बाहेरचं टोपण हाडावरून निसटतं.

लावताना थेट ऊन टाळा, रंग विटतो. दोन-तीन महिन्यांनी पंखा उतरवून मागून पाहा: मुळाशी भुशासारखी पूड किंवा केसाळ अळीची कात दिसली, तर पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा, एक दिवस बाहेर ठेवा आणि पुन्हा आठवडाभर आत.